विमान सव्वा तासाचे, वाट दिवसभराची

निंबोल्याच्या आणि बऱ्हाणपूरच्या वाचकांना हे सांगायला नको. पण इंदूर-भोपाळच्या मंचांवरून जी मंडळी आम्हाला 'विकास' समजावून सांगतात, त्यांना एकदा स्पष्ट सांगणे भाग आहे की पुणे आमच्यापासून सव्वा तासावर नाही. मुंबईही नाही. इंदूर ते पुणे विमानाला सव्वा तास लागतो, हे खरे. त्या सव्वा तासात निंबोल्याचा माणूस कुठे असतो, एवढाच आमचा सवाल आहे.

गेली काही वर्षे कोणताही मराठी मेळावा असो, गणेशोत्सवाचे उद्घाटन असो की शिवजयंतीची सभा असो, पाहुणे वक्ते एक वाक्य हमखास टाकतात. म्हणे आता महाराष्ट्र दूर राहिला नाही, इंदूरहून बसलात की सव्वा तासात पुणे! टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण गेल्या मार्गशीर्षात आमच्या मंडळातल्या एका घरी जे घडले, त्यानंतर आम्ही टाळ्या वाजवणे बंद केले आहे.

त्या घरचे आबा पहाटे गेले. घर सहा पिढ्यांपासूनचे, तापीकाठी केळीची शेती, थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. चार वाजता धाकट्या काकांनी फोन केला, "दादा, निघ. आबा गेले." मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवर पाहिले. इंदूरचे विमान सव्वा तासाचे, सुटणार साडेअकराला. त्याने हिशेब केला की पावणेएकला इंदूर, मग मोटार, चार वाजता घरी. काकांनी गावाला सांगितले, चारला येतोय, थांबू या.

विमान वेळेवर सुटले, वेळेवर उतरले. विमानाची काही चूक नाही. पण उतरल्यावर बाहेर यायला वेळ गेला, मोटार ठरवायला वेळ गेला, आणि विमानतळ शहराच्या पश्चिमेला असल्याने सबंध इंदूर ओलांडायला तास गेला. पुढे सिमरोल, चोरल, भेरूघाट. रस्ता चौपदरी होतो आहे, तेव्हा जागोजाग खोदकाम, एका बाजूने वाहतूक. घाटात एक ट्रक आडवा. मग बडवाह, नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल, सनावद, देशगाव, बोरगाव. असीरगड दिसला तेव्हा अंधार पडला होता. मुलगा पावणेसातला दारात उतरला. सूर्यास्ताआधी उरकायचे म्हणून वडीलधाऱ्यांनी साडेपाचला निर्णय घेतला होता. अग्नी पुतण्याने दिला. काकांनी त्याला घरात न नेता थेट स्मशानात नेले. तिथे राख अजून गरम होती.

आता आम्ही हिशेब मांडतो, वाचकांनी तपासून घ्यावा. फोन पहाटे चारला, घरी पोहोचला पावणेसातला. म्हणजे पावणेपंधरा तास. त्यातले हवेतले फार तर एक. त्याच पहाटे साडेचारला त्याने पुण्याहून मोटार काढली असती आणि संभाजीनगर-अजिंठा मार्गे भुसावळ-रावेरवरून आला असता, तर पाचशेच्या घरातले किलोमीटर दहा-अकरा तासांत कापून तीन-साडेतीनला दारात उभा राहिला असता. त्याला हे सुचले नाही. कसे सुचेल? गेली दहा वर्षे त्याच्या कानावर सव्वा तास, सव्वा तास हेच पडले आहे.

हे सव्वा तासाचे प्रकरण मुळात काय आहे, तेही एकदा पाहून घेऊ. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेला लागेपर्यंतची. त्याआधी दीड-दोन तास विमानतळावर जाऊन बसायचे, उतरल्यावर सामानासाठी पट्ट्यापाशी उभे राहायचे, हे त्यात नसते. घरापासून विमानतळ आणि विमानतळापासून घर हेही नसते. आणि मुख्य म्हणजे, विमान दिवसातून कितीदा आहे हे त्यात नसते. पुढचे विमान सात तासांनी असेल तर ते सात तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारतो की कुठून बसलात. विमानाचे गणित करणारे ते विचारत नाहीत.

अंतराचेही तसेच. पुणे ते इंदूर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. पुणे ते निंबोला सरळ रेषेत चारशेच्या आसपास. म्हणजे आमचा माणूस विमानात बसतो, ते विमान आमच्या पश्चिमेकडून, चोपडा-खरगोनच्या अंगाने सातपुडा ओलांडून शंभरावर किलोमीटर उत्तरेला जाते, आणि तिथून तो दीडशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला परत येतो. घरावरून पुढे जाऊन वळसा घालून घरी येण्याचा हा प्रकार आहे. याला 'जवळ आले' म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मोबाइलवर कुणी 'बऱ्हाणपूर ते पुणे, विमानाने पाऊण तास' असेही दाखवतो. दोन ठिकाणांमधली रेष मोजायची, विमानाच्या वेगाने भागायची, झाला पाऊण तास. बऱ्हाणपूरला प्रवासी विमान उतरत नाही, ही क्षुल्लक बाब त्या यंत्राला कुणी कळवलेली नाही.

इंदूरकरांविषयी आमच्या मनात आकस नाही. त्यांना विमानाचे कौतुक का वाटते हे आम्हाला समजते. इंदूर ते मुंबई सरळ रेषेत पाचशे किलोमीटर असले तरी अवंतिका एक्स्प्रेस उज्जैन, रतलाम, बडोदा असा फेरा घेऊन ८२९ किलोमीटर धावते. रात्रभराचा प्रवास. तिथे विमान खरोखर वेळ वाचवते. पण बऱ्हाणपूर मुंबईच्या मुख्य लोहमार्गावर आहे. मुंबई ते भुसावळ ४४४ किलोमीटर, पुढे पन्नास-पंचावन्न, म्हणजे पाचशेच्या आत मुंबई. पंजाब मेल सात-आठ तासांत आणून सोडते. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस दौंड-मनमाड मार्गे साडेपाचशे किलोमीटर दहाएक तासांत आणते. मग ज्या शहराला रेल्वेचा फेरा पडतो, त्या शहराचे गणित आमच्या माथी का? आमचा रूळ सरळ असताना आम्ही इंदूरच्या विमानाकडे डोळे लावून का बसायचे?

हा रूळ आजचा नाही. १८७० साली जबलपूरला दोन बाजूंचे लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबईहून कलकत्त्याला सलग गाडी जाऊ लागली, तेव्हापासून बऱ्हाणपूर त्या वाटेवर आहे. १८७३ मध्ये ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक घड्याळाला बांधलेला, एकेक तास मोजणारा. त्याची गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि त्याचा नोकर इथे खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. पुढे रूळ संपतात आणि बिचाऱ्यांना हत्ती विकत घ्यावा लागतो, तो भाग वेगळा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जगाच्या वेळापत्रकात बऱ्हाणपूरचा थांबा होता. आज त्याच फलाटावर उभे राहून आम्ही न थांबता जाणाऱ्या गाड्यांची धूळ अंगावर घेतो. आणि ज्या थांबतात त्यांतल्या मेल आणि झेलम रात्री-अपरात्री, अशा वेळी की म्हाताऱ्या माणसाला निंबोल्याहून स्टेशनला न्यायचे तर शेजाऱ्याची जीप मागावी लागते.

इंदूरला जाणाऱ्या रुळाचीही एक आठवण ठेवावी. खांडवा-इंदूर मार्गासाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले होते, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. सातपुडा-विंध्यातून निमाड आणि माळवा रुळाने जोडला पाहिजे हे त्या मराठी राजाला १८७० च्या सुमारास कळले होते. ती मीटरगेज २०२३ च्या आरंभी नर्मदा ते महू या भागात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात नर्मदेला पूर आला आणि मोरटक्क्याचा पूलही बंद करावा लागला. रूळ नाही, पूल नाही, आणि विमान मात्र सव्वा तासाचे! त्या दिवसांत इंदूरहून विमान पकडायला निघालेल्या आमच्या लोकांना किती वळसा पडला, हे त्यांनाच विचारा.

आता थोडे राजकारण. अंतर नकाशावर असते हे शाळेत शिकवतात. आम्हाला १९५६ ने वेगळे शिकवले. त्याआधी निमाड मध्यप्रांतात, राजधानी नागपूर, हायकोर्ट नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आम्ही राहिलो इथे, आणि हायकोर्ट गेले जबलपूरला. १९६८ मध्ये इंदूरचे कायम खंडपीठ झाले, त्यात पश्चिम निमाड घेतला, पूर्व निमाड घेतला नाही. तेव्हा आमच्या शेताच्या बांधाच्या भांडणाची फाईल इंदूर सोडून जबलपूरला जात राहिली. रेल्वेने बऱ्हाणपूर ते जबलपूर पाचशे किलोमीटर भरतात. मुंबईही पाचशेच. सरळ रेषा काढली तरी दोन्हीकडे सव्वाचारशेच्या पुढे, पाच-दहा किलोमीटरचा फरक. म्हणजे तापीकाठच्या माणसाला न्याय आणि समुद्र सारख्याच अंतरावर. २००३ च्या १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर जिल्हा झाला, कलेक्टर जवळ आला, त्याबद्दल आम्ही तेव्हाही आभार मानले होते, आजही मानतो. पण बाकीची अंतरे जिथल्या तिथे आहेत.

याच जुन्या खोडीमुळे आमचा सर्वांत जवळचा चालता विमानतळ आम्हाला कुणी दाखवत नाही. तो आहे जळगावला. निंबोल्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास, घाट नाही, नर्मदा नाही, सगळा रस्ता केळीच्या बागांमधून. इंदूरपेक्षा साठ-सत्तर किलोमीटर जवळ. पण तो दुसऱ्या राज्यात! तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला सरकारी माणूस इंदूरचेच नाव सांगतो, आणि जळगावची मंडळी जाहिरात करतात ती रावेरपर्यंत येऊन थांबते. राज्याची सीमा इच्छापूरपाशी आहे. विमानाला ती वरून दिसतही नसेल.

आमच्यातले काही उत्साही तरुण म्हणतात, मग बऱ्हाणपूरलाच विमानतळ मागू. त्यांच्या उत्साहाचा आदर ठेवून आम्ही याला विरोध करतो, आणि का ते सांगतो. 'उडान' योजनेत तासाभराच्या, सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला विमानातल्या ठरावीक आसनांपुरती २,५०० रुपयांची मर्यादा घालून दिली गेली. त्या योजनेत २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून मुंबईचे विमान सुरू झाले. गाजावाजा झाला, हार-तुरे झाले. सेवा अनियमित झाली आणि थांबली. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये फ्लाय-९१ या कंपनीने गोवा, हैदराबाद आणि पुण्याला जोडून पुन्हा सुरुवात केली. जळगाव हे केवढे शहर, सोन्याचा बाजार, पाइप आणि ठिबकचे कारखाने. तिथे विमान टिकवायला इतकी ओढाताण, तर बऱ्हाणपूरला कोण किती दिवस उतरणार? आणि धावपट्टीला जमीन लागते. ती लागेल तर सपाट, काळी, विहिरीची. म्हणजे कुणाची, ते आम्ही सांगायला हवे काय? तीन महिने विमान येईल, पुढे तीस वर्षे त्या सिमेंटवर मिरच्या वाळत पडतील. आम्हाला ते नको.

आम्हाला हवी आहे बस. हसू नका. बऱ्हाणपूरहून जळगाव विमानतळाला, विमानाच्या वेळेवर सुटणारी आणि विमान उशिरा आले तर थांबणारी एक बस. विमानाच्या मानाने ही मागणी इतकी साधी आहे की तीवर भाषण करता येत नाही, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. मध्यप्रदेश सरकारने आपले रस्ते परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळले. तेव्हापासून आमच्या खेड्यांतून सरकारी बस म्हणून जी दिसते ती सीमेपलीकडची, महाराष्ट्राची एसटी. लाल डबा म्हणून तिला नावे ठेवणारे आमच्यातही आहेत, पण रावेर-भुसावळच्या दवाखान्यात आमच्या कित्येक बायाबापड्यांना तिनेच नेले आहे. तिच्याच एका फेरीची वेळ विमानाशी जुळवून घेता येते. त्यासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलावर बसायला हवे. विमाने ताशी पाचशे किलोमीटर वेगाने उडवता येतात, पण दोन टेबले जोडायला वीस वर्षे लागतात, असा आमचा अनुभव आहे. तरी मागत राहू.

आणि हवी आहे रेल्वे, दिवसाची. इथे खरी घाई आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ ला मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर केला, १८,०३६ कोटींचा. तो धुळे-सेंधवा अंगाने जाणार आहे, आमच्या जिल्ह्याला शिवणार नाही. म्हणजे ज्या इंदूरचे विमान आम्हाला दाखवले जाते, ते इंदूर स्वतःसाठी रूळ टाकून घेते आहे, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला भुसावळ-खांडवा या आमच्या १३१ किलोमीटरवर तिसरी आणि चौथी मार्गिका मंजूर झाली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आत कुठेतरी आली असेल. आम्हाला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत बऱ्हाणपूरसाठी याहून मोठी बातमी झाली नाही. थांबा मागितला की रेल्वेचे उत्तर ठरलेले असे, मार्गावर जागा नाही, एक गाडी थांबवली तर मागच्या पाच अडकतात. चार रूळ झाल्यावर हे उत्तर देता येणार नाही. पण वाढीव रुळांवर कोणत्या गाड्या, कोणत्या वेळी, कुठे थांबतील, हे ठरते त्या वेळी जो दारात उभा असतो त्याचे ऐकले जाते. नंतर निवेदने देणाऱ्याला पोच मिळते, थांबा मिळत नाही.

खांडव्याहून सकाळी सुटून नेपानगर, बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ करत संध्याकाळी पुण्यात पोहोचणारी एक गाडी आणि तशीच तिकडून सकाळी निघणारी दुसरी. एवढी जरी मिळाली तरी पहाटे चारला फोन आलेला मुलगा संध्याकाळी घरी असेल, आणि घरच्यांना पक्के ठाऊक असेल की तो केव्हा येणार. वेळ पक्की असली की माणसे थांबतात.

काही वाचक म्हणतील की एवढा अट्टहास कशाला, ज्याला यायचे तो येतोच. तर त्यांनी आपल्याच गल्लीतून एक फेरी मारावी. कुलपे मोजावीत. पुण्या-मुंबईला गेलेली पोरे वाईट नाहीत. सुरुवातीला दिवाळी-गणपतीला येतात, मग एक वर्षाआड, मग "काका, फार लांब पडतं हो" असे सांगून फोनवर नमस्कार करतात. पुढे एक दिवस जमिनीचा सौदा होतो. शिंदे-होळकरांच्या काळापासूनची घरे या एका वाक्यावर रिकामी झालेली आम्ही पाहिली आहेत. दुष्काळाने उठली नाहीत, पेंढाऱ्यांनी उठवली नाहीत. आणि ज्या पोरांना लांब वाटते त्यांना विमानाचा सव्वा तास दाखवून आपण समजूत घालतो. ती एकदा तो प्रवास करतात, पंधरा तासांनी पोहोचतात, आणि पुन्हा करत नाहीत.

मंडळाने ठरवले आहे की यापुढे आपल्या व्यासपीठावर कोणीही पाहुणा सव्वा तासाची भाषा करील, तर सूत्रसंचालकाने त्याला नम्रपणे एक प्रश्न विचारावा : साहेब, आपण आज कसे आलात, आणि घरातून किती वाजता निघालात? उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे.

दुसरे असे की या अंकासोबत एक कोरा कागद जोडला आहे. ज्यांची मुले, मुली, भाऊ बाहेरगावी आहेत त्यांनी मागच्या खेपेचा त्यांचा प्रवास त्यावर लिहून द्यावा. कुठल्या घरातून किती वाजता निघाले, कुठे किती वेळ थांबले, निंबोल्यात किंवा जिथे आपले घर असेल तिथे दारात किती वाजता पाय ठेवला, एकूण खर्च किती. विमान, रेल्वे, मोटार, एसटी, काहीही असो. सव्वा तास लिहू नये, दारापासून दारापर्यंत लिहावे. आमची रेल्वे भुसावळ विभागात येते, तेव्हा हे कागद घेऊन मंडळाचे लोक आधी भुसावळला जातील, मग जळगावच्या एसटी कार्यालयात, आणि शेवटी बऱ्हाणपूरच्या कलेक्टरेटमध्ये. वर ज्या घरची हकीकत सांगितली त्या मुलाने आपला कागद पहिला भरून दिला आहे. कागद पोळ्याच्या आत मंडळाच्या कार्यालयात पोहोचावेत. आसपासच्या गावांतल्या ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी निरोप पाठवावा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.